पडद्यावरील भेट : दूर-सल्ला कक्षास काय लागते आणि का लागते?

आपल्या रुग्णालयात संगणकाद्वारे दूर-सल्ला देणारा एक स्वतंत्र कक्ष उभारावा, असे विश्वस्त मंडळाने ठरविले आहे. हा संकल्प जाहीर झाल्यापासून देणगीदारांकडून व रुग्णांच्या आप्तांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, त्यावरून परदेशातील नातवाचे तोंड फुकट पाहता येते; मग शहरातील डॉक्टरांशी बोलण्यासाठी निराळी खोली, निराळा संगणक आणि निराळी यंत्रसामग्री कशासाठी? प्रश्न रास्त आहे. धर्मादाय संस्थेच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागण्याचा अधिकार आपणा सर्वांना आहे, म्हणूनच या प्रश्नाचे सविस्तर उत्तर अहवालाच्या पानांतून देत आहोत. यंत्रांची नावे व आकडे येथे येतील. परंतु प्रत्येक आकड्यामागे रुग्णाच्या हिताचे एखादे कारण आहे, तेच समजावून सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

गरज कोणती?

आमच्याकडे येणारे बहुसंख्य रुग्ण घाटाखालच्या खेड्यांतून येतात. सर्वसाधारण आजार, बाळंतपणे व लहान-मोठ्या शस्त्रक्रिया येथेच होतात. मात्र मेंदूविकार, मूत्रपिंडविकार, कर्करोग, बालहृदयविकार यांसाठी कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. पहिल्या तपासणीसाठी व शस्त्रक्रियेसाठी हा प्रवास अटळ असतो. परंतु त्यानंतरच्या फेरतपासण्यांपैकी अनेक भेटींत डॉक्टर केवळ अहवाल पाहतात, चार प्रश्न विचारतात आणि औषधाचे प्रमाण बदलतात. या दहा मिनिटांसाठी वृद्ध रुग्णाला रात्रभर एस.टी.ने न्यावे लागते, सोबत येणाऱ्या मुलाची मजुरी बुडते आणि राहण्या-जेवणाचा खर्च वेगळाच. परिणामी फेरतपासणी लांबते, पुढे बंद होते आणि आजार बळावल्यावर रुग्ण पुन्हा दाखल होतो. दूर-सल्ला कक्षाचा मुख्य उद्देश ही गळती थांबविणे हा आहे.

थोडा पूर्वेतिहास

दूर अंतरावरील माणसाशी चित्रासह बोलण्याची कल्पना नवी नाही. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात चित्र दाखविणारा दूरध्वनी लोकांपुढे मांडला गेला. पण तो महाग व गैरसोयीचा ठरल्याने रुजला नाही. पुढे १९९० च्या दशकात आय.एस.डी.एन. या अंकीय दूरध्वनी तारांवरून व्हिडिओ कॉन्फरन्सिंग सुरू झाले. तेथे ६४ के.बी.पी.एस.च्या सहा वाहिन्या एकत्र बांधून ३८४ के.बी.पी.एस. वेग मिळवीत आणि त्यासाठी खास यंत्रे विकत घ्यावी लागत. आपल्या देशात भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, २००१ साली उपग्रहाद्वारे दूरवैद्यकाचा प्रयोग सुरू केला व दुर्गम भागांतील रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडली.

त्या काळात अडचण होती ती वेगाची. २००४ च्या राष्ट्रीय धोरणात २५६ के.बी.पी.एस. वेगाच्या जोडणीला ‘ब्रॉडबँड’ म्हटले गेले. २०२३ साली ही किमान मर्यादा २ एम.बी.पी.एस. करण्यात आली, म्हणजे जवळजवळ आठपट. दुसरीकडे, ब्राउझरमधूनच चित्रसंवाद घडवून आणणारे ‘वेबआरटीसी’ हे तंत्र २०११ साली खुले झाले व जानेवारी २०२१ मध्ये त्यास अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. त्यामुळे खास यंत्राची गरज सरली आणि साधा डेस्कटॉप संगणकही पुरेसा ठरू लागला. करोनाच्या साथीत, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ‘ई-संजीवनी’ या शासकीय सेवेने फेब्रुवारी २०२३ मध्ये १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. तात्पर्य, तंत्र, कायदा आणि लोकांची सवय या तिन्ही गोष्टी आता अनुकूल आहेत. उरतो प्रश्न तो हे काम नीट करण्याचा.

पडद्यामागे काय घडते?

कॅमेरा दर सेकंदाला साधारणपणे ३० चित्रे टिपतो. प्रत्येक चित्र १२८० आडवे व ७२० उभे अशा ठिपक्यांचे, म्हणजे एकूण ९ लाख २१ हजार ६०० ठिपक्यांचे असते. प्रत्येक ठिपक्याचा रंग २४ अंकांत लिहिला, तर एका सेकंदाच्या चित्रणासाठी सुमारे ६६ कोटी अंक होतात. एवढा ओघ कोणत्याही सामान्य जोडणीतून वाहणे शक्य नाही. म्हणून संगणक चित्राचे ‘संकोचन’ करतो. मागील चित्रातील जो भाग बदलला नाही तो पुन्हा न पाठविता फक्त बदललेला भाग पाठविला जातो. अशा रीतीने ६६ कोटींचा ओघ सुमारे १५ लाखांवर, म्हणजे दीड एम.बी.पी.एस.वर येतो; चारशेपटींहून अधिक आटतो. मग त्याच्या लहान लहान पुड्या करून त्या इंटरनेटवरून रवाना केल्या जातात आणि पलीकडचा संगणक त्या उलगडून पुन्हा चित्र उभे करतो. हे सर्व डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दोन्ही दिशांनी घडावे लागते.

एवढे ध्यानात घेतले, की पुढील बहुतेक गरजांचा उलगडा होतो. रुग्णामागे पडदा हलत असेल, पंखा फिरत असेल, माणसे ये-जा करीत असतील, तर बदललेला भाग वाढतो व उपलब्ध वेग रुग्णाच्या चेहऱ्याऐवजी पडद्याच्या सळसळीवर खर्च होतो. खोलीत अंधार असेल, तर कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक कण नाचू लागतात. संगणक त्यांनाही हालचाल समजतो आणि चित्र फिसकटते. स्वतंत्र, शांत व उजेडाची खोली ही म्हणूनच यंत्रांइतकीच महत्त्वाची आहे.

आधी आवाज, मग चित्र

चित्रसंवाद म्हटला, की कॅमेऱ्याचा विचार प्रथम मनात येतो. आमच्या यादीत मात्र पहिले स्थान ध्वनीला आहे. चित्र क्षणभर गोठले तरी सल्ला पुढे चालू राहतो; शब्द तुटला तर सल्लाच बदलतो. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. ‘ही गोळी थांबवायची नाही’ या वाक्यातील शेवटचा शब्द वाटेत गळाला, तर ऐकणाऱ्याला नेमका उलटा अर्थ कळतो. ‘अर्धी गोळी’ आणि ‘आधीची गोळी’ यांतही अक्षराचेच अंतर आहे. बोलताना वाक्याच्या अखेरीस आवाज खाली जाण्याची आपली सवय आणि वृद्ध रुग्णांची मंद झालेली श्रवणशक्ती लक्षात घेतली, तर हा धोका काल्पनिक नव्हे हे पटेल.

यावर उपाय साधे आहेत. माईक बोलणाऱ्याच्या जवळ हवा. कारण उघड्यावर अंतर दुप्पट झाले, की ध्वनीची तीव्रता एकचतुर्थांश उरते. रुग्णालयातील फरशी, उघड्या भिंती व काचेची तावदाने यांवरून ध्वनी परावर्तित होतो व बोलणे घुमते. त्यासाठी जाड पडदे, जमिनीवर जाजम आणि एका भिंतीस ध्वनिशोषक फलक एवढी तजवीज पुरते. संगणकाच्या स्पीकरमधून येणारा डॉक्टरांचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला, तर डॉक्टरांना स्वतःचेच शब्द मागाहून ऐकू येतात. हा प्रतिध्वनी मारण्याची सोय असलेले, माईक व स्पीकर एकाच डबीत असणारे मेजावरचे उपकरण आम्ही निवडले आहे. कारण रुग्णासोबत एक-दोन नातेवाईकही बसतात व सर्वांना ऐकू यावे लागते. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी कानावर बसणारे हेडफोन वेगळे ठेवले जातील.

कॅमेरा आणि उजेड

संगणकाच्या पडद्यावर बसविण्याचा १०८० ठिपक्यांच्या उंचीचे चित्र देणारा वेबकॅम सल्ल्यासाठी पुरेसा असतो. याहून अधिक ठिपक्यांचा कॅमेरा घेऊन फारसा लाभ नाही, कारण ते चित्र पाठविताना आटविलेच जाते. त्यापेक्षा दोन गोष्टी मोलाच्या आहेत : चित्रांची गती व रंगांचा खरेपणा.

गतीचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कंपवाताच्या रुग्णाचा हात विश्रांतीच्या स्थितीत सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा थरथरतो. सेकंदाला ३० चित्रे जात असतील, तर ही थरथर पलीकडे स्वच्छ दिसते. जोडणी मंदावून सेकंदाला ५ चित्रेच पोहोचू लागली आणि हातही सेकंदाला ५ वेळाच थरथरत असला, तर प्रत्येक चित्रात हात त्याच जागी सापडतो व पडद्यावर तो स्थिर दिसतो. म्हणजे जे लक्षण पाहण्यासाठी भेट घ्यावयाची तेच यंत्राने पुसून टाकले, असे होते. रुग्णाची चाल पाहतानाही हीच अडचण येते. मोबाइलवरून केलेल्या संवादात गती केव्हा घसरली हे बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही. कक्षातील संगणकावर मात्र ही गती आकड्यांत पाहता येते व ती घसरली असता डॉक्टरांना तसे सांगता येते.

रंगांचे म्हणाल, तर कावीळ, पंडुरोग, ओठांची निळसर छटा, जखमेभोवतालची लाली ही सारी रंगाचीच लक्षणे होत. पिवळ्या दिव्याखाली निरोगी डोळाही पिवळसर दिसतो. हिरव्या भिंतीचा रंग उजेडाबरोबर चेहऱ्यावर उतरतो. म्हणून कक्षाच्या भिंतींना चकाकी नसलेला फिकट राखाडी रंग द्यावयाचा आहे व रंगदर्शनाचा निर्देशांक ९० किंवा त्याहून अधिक असलेले पांढरे एल.ई.डी. दिवे घ्यावयाचे आहेत. दिवे रुग्णाच्या समोर, दोन्ही बाजूंना तिरके असतील. डोक्यावरचा एकच दिवा डोळ्यांच्या खोबणीत सावली पाडतो. खिडकी रुग्णाच्या पाठीशी असू नये, अन्यथा चेहरा काळवंडतो. पायाची जखम, त्वचेवरील चट्टा वा घसा दाखविण्यासाठी लांब तारेचा, हातात धरता येईल असा एक दुसरा कॅमेरा लागेल. जखमेचे बारकावे पाहावयाचे असतील, तेव्हा चालत्या चित्रापेक्षा नीट काढलेले स्थिर छायाचित्र सुरक्षित मार्गाने पाठविणे अधिक उपयुक्त ठरते.

संगणक कसा हवा?

चित्राचे संकोचन व उलगडा एकाच वेळी करण्याचे श्रम संगणकावर पडतात. मध्यम क्षमतेचा, गेल्या काही वर्षांत तयार झालेला प्रोसेसर, ८ जी.बी. आणि शक्यतो १६ जी.बी. स्मृती, २५६ जी.बी.ची एस.एस.डी. व संकोचनाची सोय अंगभूत असलेला चित्रप्रक्रियक एवढे असले म्हणजे काम भागते. महागड्या खेळांसाठीचे संगणक घेण्याचे कारण नाही.

येथे एक नम्र विनंती करावीशी वाटते. कार्यालयातील जुने संगणक रुग्णालयास देण्याची इच्छा अनेक हितचिंतक व्यक्त करतात. त्यामागील सद्‌भावनेबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी किमान ४ जी.बी. स्मृतीबरोबरच टी.पी.एम. २.० ही सुरक्षा-सोय व नव्या पिढीचा प्रोसेसर आवश्यक असतो. जे संगणक या कसोटीस उतरत नाहीत, त्यांवर रुग्णांची माहिती हाताळणे इष्ट नाही. असे संगणक देण्यापूर्वी कार्यालयाशी बोलावे. जुना संगणक लिनक्स प्रणाली घालून प्रशिक्षणासाठी वापरता येतो, पण दूर-सल्ल्यासाठी नवाच हवा.

कक्षात दोन पडदे लागतील. एकावर डॉक्टर दिसतील, दुसऱ्यावर रक्ततपासणीचे अहवाल व क्ष-किरण चित्रे. एकाच पडद्यावर दोन्ही मांडले, की डॉक्टरांचा चेहरा टपाल तिकिटाएवढा होतो आणि वृद्ध रुग्णाला आपण कोणाशी बोलत आहोत हेच कळत नाही. डॉक्टरांचे चित्र कॅमेऱ्याच्या अगदी खाली ठेवावे, म्हणजे पाहणाऱ्याची नजर नजरेला भिडल्यासारखी वाटते. गोष्ट लहान आहे, पण रुग्णाचा विश्वास बसण्यास तिचा फार उपयोग होतो.

जोडणी : वेगापेक्षा सातत्य

जाहिरातींत ‘१०० एम.बी.पी.एस.’ असे मोठे आकडे असतात. आपल्या कामासाठी एका संवादास दोन्ही दिशांना दीड ते दोन एम.बी.पी.एस., अधिक सुस्पष्ट चित्रासाठी तीन ते चार एम.बी.पी.एस. पुरतात. दीड एम.बी.पी.एस.च्या हिशेबाने पंधरा मिनिटांच्या भेटीत येणारी-जाणारी मिळून सुमारे ३४० एम.बी. माहिती खर्च होते. खरी तपासणी करावयाची ती पुढील तीन बाबींची.

पहिली बाब म्हणजे ‘वर’ जाण्याचा वेग. पुष्कळ जोडण्यांत माहिती घेण्याचा वेग भरपूर व पाठविण्याचा तुटपुंजा असतो. आपल्याला तर रुग्णाचे चित्र पाठवावयाचे आहे. म्हणून दोन्ही वेग समान देणारी ऑप्टिकल फायबरची जोडणी हवी.

दुसरी बाब विलंबाची. बोललेला शब्द पलीकडे पोहोचण्यास १५० सहस्रांश सेकंदांपेक्षा कमी वेळ लागावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. विलंब वाढला, की दोघेही एकदम बोलू लागतात व मग दोघेही थांबतात. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहावरून जाताना केवळ वर-खाली होण्यातच पाव सेकंद जातो. उपग्रहाच्या काळात संभाषण अडखळत होई, त्याचे हे एक मोठे कारण होते. फायबरवर राज्यांतर्गत अंतरासाठी ही अडचण जवळजवळ उरत नाही.

तिसरी बाब पुड्या गळण्याची. पत्र उशिरा आले तरी वाचता येते. पण संभाषणातील उशिरा आलेले अक्षर निरुपयोगी असते, म्हणून संगणक ते पुन्हा मागवीत नाही. गळतीचे प्रमाण शंभरात एकाहून कमी राहिले पाहिजे. वॉर्डातील सर्वांच्या मोबाइलनी एकच वाय-फाय वापरले, तर हे प्रमाण हमखास वाढते. म्हणून कक्षापर्यंत कॅट-६ प्रकारची स्वतंत्र तार नेली जाईल व राउटरमध्ये दूर-सल्ल्याच्या माहितीला अग्रक्रम दिला जाईल.

यापलीकडे आपल्या भागाचे म्हणून काही प्रश्न आहेत. रस्त्याच्या कामात केबल तुटणे हे कोकणात नित्याचे आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड व उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब व मनोरे आडवे केले आणि कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. म्हणून दुसरी जोडणी वेगळ्या कंपनीची व वेगळ्या मार्गाने येणारी, म्हणजे मोबाइल जाळ्यावर चालणारी, असावी आणि पहिली बंद पडताच राउटरने आपोआप तिच्याकडे वळावे, अशी योजना आहे. दोन्ही बंद पडल्यास साध्या दूरध्वनीवरून सल्ला पूर्ण करता यावा, यासाठी डॉक्टरांचा क्रमांक प्रत्येक भेटीच्या कागदावर आधीच लिहिलेला असेल.

वीज

संगणक, दोन पडदे, दिवे, राउटर आणि फायबरची पेटी मिळून सुमारे १८० वॅट वीज लागते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास साठतात. बॅटरी अर्धीच वापरावी व इन्व्हर्टरमधील घट वजा करावी, असा सावध हिशेब केला तरी सुमारे चार तास काम चालते. एका दिवसाच्या भेटींसाठी ते पुरेसे आहे. साध्या इन्व्हर्टरवर वीज बदलताना क्षणभर खंड पडतो आणि राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होण्यात दोन-तीन मिनिटे जातात. म्हणून खंड न पडू देणारे यू.पी.एस. आवश्यक आहे. पावसाळ्यातील विजा ध्यानात घेता उत्तम अर्थिंग आणि वीज-लाट रोखणारे संरक्षक यांवर काटकसर करणे परवडणारे नाही.

कॅमेऱ्याने करू नयेत अशा गोष्टी

काही गोष्टी चित्रसंवादातून दाखविणे टाळले पाहिजे. क्ष-किरण फिल्म उजेडासमोर धरून कॅमेऱ्यातून दाखविली, तर संकोचनात बारीक भेग किंवा फिकट डाग नाहीसा होऊ शकतो. असे चित्र ‘डायकॉम’ या वैद्यकीय मानकाच्या मूळ स्वरूपात, संगणकीय फाइल म्हणून भेटीपूर्वी पाठविले पाहिजे. हृदयालेखाचा कागद स्कॅन करून पाठवावा. हृदयाचे ध्वनी बहुतांशी खर्जातील व मंद असतात. चित्रसंवादाच्या प्रणाली माणसाच्या बोलण्यासाठी घडविलेल्या असल्यामुळे त्या असे एकसुरी मंद ध्वनी गोंगाट समजून गाळतात. म्हणून इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोपचा ध्वनी स्वतंत्र मार्गाने पाठवावा लागतो किंवा गोंगाट गाळण्याची सोय तेवढ्यापुरती बंद करावी लागते. या तपशिलाची माहिती असणारी व्यक्ती कक्षात हजर असणे हे उपकरण असण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

नियम व गोपनीयता

२०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सल्ला नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकानेच द्यावयाचा असतो व औषधपत्रावर त्याचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. रुग्णाने स्वतः सल्ला मागितला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. डॉक्टर, आरोग्यसेवक किंवा नातेवाईक यांनी पुढाकार घेतला असेल, तर रुग्णाची स्पष्ट संमती नोंदवावी लागते. काही औषधे पहिल्या भेटीत केवळ चित्रसंवादानंतरच लिहिता येतात, तर अंमली व मनोविकारी द्रव्यांच्या वर्गातील औषधे दूर-सल्ल्यातून लिहिता येत नाहीत. या सल्ल्याच्या नोंदी जपून ठेवणे बंधनकारक आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने स्वतंत्र कायदाही केला आहे.

आम्ही आमच्यापुरते तीन नियम घालून घेतले आहेत. भेटीच्या प्रारंभी दोन्ही बाजूंच्या खोल्यांत कोण कोण उपस्थित आहे हे मोठ्याने सांगितले जाईल. रुग्णाच्या लेखी संमतीखेरीज कोणत्याही भेटीचे चित्रण केले जाणार नाही. आणि कोणाच्याही खासगी मोबाइलमध्ये रुग्णाची छायाचित्रे राहणार नाहीत. मोबाइलऐवजी संस्थेचा संगणक का, या प्रश्नाचे एक उत्तर याही नियमात आहे.

यंत्रामागचा माणूस

वरील सर्व साहित्य आणून मांडले तरी कक्ष आपोआप चालणार नाही. रुग्णाचा रक्तदाब, वजन व रक्तशर्करा आधी नोंदविणे, कागद क्रमाने लावणे, डॉक्टर सांगतील तेथे हात ठेवून ‘येथे दुखते का?’ असे विचारणे, आणि शेवटी औषधांचे प्रमाण स्वतः वाचून दाखवून डॉक्टरांकडून ते पक्के करून घेणे, ही कामे प्रशिक्षित परिचारिकेचीच आहेत. विशेषतः शेवटचे काम प्रत्येक भेटीत अनिवार्य राहील. ध्वनीत काही गळले असेल, तर ते याच टप्प्यावर पकडले जाते. यंत्रे एकदा विकत घेता येतात. परिचारिकेचे वेतन दरमहा द्यावे लागते. देणगीचा विचार करताना हा भेद ध्यानात असावा.

दूर-सल्ल्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पोट हाताने चाचपडून पाहणे, गाठीचा टणकपणा जोखणे, तातडीची शस्त्रक्रिया ठरविणे या गोष्टी पडद्यावरून होत नाहीत. डॉक्टरांना प्रत्यक्ष पाहणे आवश्यक वाटले, तर ते तसे सांगतील व रुग्णाला जावेच लागेल. छातीत असह्य कळ, एका बाजूचे हातपाय अचानक लुळे पडणे, श्वास कोंडणे अशा वेळी दूर-सल्ल्याची वेळ मागू नये; थेट तातडीच्या विभागात यावे.

आवश्यक साहित्याची यादी

१. डेस्कटॉप संगणक, १६ जी.बी. स्मृती, २५६ जी.बी. एस.एस.डी. : १
२. चोवीस इंची पडदे : २
३. वेबकॅम : १, हाताळण्याचा लांब तारेचा कॅमेरा : १
४. प्रतिध्वनी-निवारक माईक-स्पीकर : १, हेडफोन : २
५. पांढरे एल.ई.डी. दिवे, स्टँडसह : २
६. कागदपत्रांसाठी स्कॅनर : १
७. इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप : १
८. दोन जोडण्या सांभाळणारा राउटर : १, कॅट-६ तार व जोडकाम
९. यू.पी.एस., बॅटरी, अर्थिंग व वीज-लाट संरक्षक
१०. पडदे, जाजम, ध्वनिशोषक फलक व रंगकाम
११. फायबर व मोबाइल जोडणीचे वार्षिक शुल्क
१२. परिचारिकेचे वेतन व प्रशिक्षण

साहित्याच्या किमती वरचेवर बदलत असल्याने त्या येथे छापलेल्या नाहीत. प्रत्येक वस्तूसाठी मागविलेली दरपत्रके कार्यालयात कोणत्याही देणगीदारास पाहता येतील. यादीतील एखादी वस्तू कोणाच्या स्मरणार्थ देता येईल. तथापि ज्यांना शक्य असेल त्यांनी अकराव्या व बाराव्या कलमांचा अवश्य विचार करावा. यंत्रावर नाव कोरता येते, दरमहाच्या शुल्कावर नाही. पण ते शुल्क थकले, की नाव कोरलेले यंत्रही मुके होते.

आप्तांसाठी सूचना

भेटीच्या दिवशी जुने कागद, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि क्ष-किरण वा स्कॅनची सी.डी. सोबत आणावी. ही सी.डी. शक्यतो आदल्या दिवशी पोहोचवावी. विचारावयाचे प्रश्न कागदावर लिहून आणावेत. बोलताना डॉक्टरांचे वाक्य पूर्ण होऊ द्यावे. मुंबईस नोकरीला असलेला मुलगा वा मुलगी त्याच वेळी आपल्या मोबाइलवरून भेटीत सहभागी होऊ शकेल. रुग्णाची संमती असल्यास तसे आधी कळवावे. आईच्या आजाराबद्दल डॉक्टर काय म्हणाले, हे दुसऱ्याकडून ऐकण्याऐवजी त्याला स्वतःच्या कानांनी ऐकता येईल.

खोली, उजेड, तार, बॅटरी आणि एक दक्ष परिचारिका, असा हा साधा संच आहे. तो नीट जुळला, तर घाटाखालच्या रुग्णाची रात्रीची एस.टी. चुकेल, डॉक्टरांची भेट मात्र चुकणार नाही. या कार्यास आपले साहाय्य लाभेल, असा विश्वास वाटतो.

विश्वस्त मंडळाच्या वतीने